मी न लिहिलेला अर्ज

ती. ताईस,
नमस्कार.

घरी परतणं मी तिसऱ्यांदा पुढे ढकललं आणि तू फोन उचलणं बंद केलंस, म्हणून हे पत्र. रागावलीस तरी गोळ्या वेळेवर घेतेस ना?

खरं कारण सांगते. मी सांभाळते त्या वसतिगृहातली ही आठ देशांची मुलं. माझ्यामागे यांचं कसं होणार, हा घोर होता. त्यांच्या विद्यार्थी मंडळाचे सगळे अर्ज आजवर मीच लिहिले, त्यांनी नुसत्या सह्या केल्या.

गेल्या महिन्यात समोरच्या गल्लीतला दिवा गेला. मी लगेच नगरपालिकेला खणखणीत अर्ज लिहिला. मंडळाची अध्यक्ष वाचून म्हणाली, "बाई, छानच आहे. पण गल्लीतल्यांना विचारलंत का?"

"त्यात काय विचारायचं? अंधार सगळ्यांनाच आहे."

"मग सगळ्यांनाच बोलू द्या की!"

मुलं मोडक्यातोडक्या भाषेत दारोदार फिरली. म्हाताऱ्या शिंपीणबाईंना दिव्याआधी पायऱ्यांना कठडा हवा होता. त्या दोनदा पडल्या होत्या. मुलांनी कचेरीत त्यांनाच बोलायला लावलं. परवा कठडा बसला, दिवाही लागला.

माझा अर्ज बाजूला पडला तेव्हा मी चार दिवस फुगून बसले होते, मग माझं मलाच हसू आलं. सुनेच्या हाती स्वयंपाकघर द्यायला तुला किती वर्षं लागली, आठव. तेव्हा मला बोलू नकोस.

महिनाअखेर येते. खिडकीजवळची खाट माझी.

तुझी हट्टी
धाकटी

ता. क. आज अध्यक्षांच्या स्वाधीन केलं: सभागृहाची किल्ली एक, मंडळाचा शिक्का एक, कोऱ्या कागदांचा गठ्ठा एक. पोचपावतीचा मजकूर तिचा तिनेच लिहिला.