कंबरेचा दोर

तेत्सुरोदादा,

सकाळपासून बाबा छपरावरचा बर्फ काढताहेत, एक्क्याऐंशीव्या वर्षी. मी त्यांच्या कंबरेला बांधायला दोर घेऊन गेले, तर ते वरूनच ओरडले, "दोर गुरांना लागतो! घरात एक दाजाकु निपजला तेवढा पुरे."

तो शब्द तू विसरला नसशील. मनाने दुबळा आणि अंगाने आळशी, दोन्ही एकदम. तू छपरावर चढायला घाबरायचास, म्हणून जेवताना रोज तुला ऐकवायचे.

शेजारच्या कुमेकाकू म्हणाल्या, "अगं, बघत काय बसलीस? गावच्या पोरांना बोलाव, खाली उतरवतील म्हाताऱ्याला." मी फोन उचलला आणि ठेवला. चारचौघांत उतरवलं तर बाबा मला कधी माफ करणार नाहीत. मी त्यांचा मान राखतेय की मीच दाजाकु आहे, हे ठरेना, म्हणून तुला लिहायला बसले.

इतका वेळ फावड्याचा आवाज येत होता. आत्ता छपरावरून मोठा ढीग घसरला आणि आवाज थांबला. दम खायला थांबले असतील, असं लिहिणार होते. पण आपल्या घरात दम खायला कोणी कधी थांबलेलं नाही.

दोर माझ्या मांडीवरच आहे. उठायला हवं.

तुझी,
सुमिए