न वाजणाऱ्या घंटेचा संदर्भ

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुम्हाला लिहायला हरकत नसावी. उत्तर यायची भीती नाही आणि माझ्या ऱ्हस्व-दीर्घाखाली लाल रेघ ओढायलाही कुणी नाही. मी शहापूरला स्टँडजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवते. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पोरांचे ऑनलाइन फॉर्म, असलं सगळं. गिऱ्हाईक नसलं की मी दुसरंच काम काढून बसते, आणि ते ऐकून तुम्ही हसाल. आपण शनिवारी वाचायचो ती तीन खंडांची अद्भुत कादंबरी आठवते ना? कोंडून ठेवलेल्या नद्यांचा देश, नावाड्याची मुलगी, आणि नदीच्या उतारावर पहारा देणारा तो पांढरा गवा, ज्याच्या गळ्यातली घंटा कधीच वाजत नाही. तिच्या वाचकांनी मिळून इंटरनेटवर तिचा एक कोश केलाय. त्या देशातल्या प्रत्येक नदीवर, प्राण्यावर, घराण्यावर वेगळी नोंद. पगार नाही, मान नाही, भांडणं मात्र भरपूर. त्या कोशाची मी संपादक आहे.

संपादक म्हणून माझी ख्याती फारशी चांगली नाही. कुणी लिहिलं की गव्याचे डोळे हिरवे होते, की मी लगेच विचारते, कुठला खंड, कुठलं प्रकरण, कितवं पान, आणि आवृत्ती कुठली. कारण पहिल्या दोन खंडांचं पुनर्मुद्रण झालं तेव्हा टाइप लहान केला आणि सगळी पानं सरकली. दुसऱ्याने दिलेली तळटीप स्वतः पान न उघडता उचलायची नाही, हा माझाच नियम. 'मला चांगलं आठवतंय' हा संदर्भ नाही, हेही माझंच वाक्य. लोक मागे मला सासूबाई म्हणतात, ते माझ्या कानावर आलंय. त्यांना कुठे माहीत की हे सगळं धसईच्या शाळेतून आलंय.

धसईत तुम्ही खोली घेऊन राहायचात आणि शनिवारी शाळा सकाळची म्हणून दुपारच्या गाडीने शेणव्याला घरी जायचात. ती गाडी तुम्ही आमच्यासाठी सोडायचात, एक प्रकरण वाचायला. बाजाराचा आवाज खिडकीतून येतोय, भाताच्या गोण्या उतरताहेत, आणि तुम्ही टेबलाला टेकून वाचताय. वाचून झालं की आम्ही काय कळलं ते सांगायचं, आणि ज्याची पाळी असेल त्याने पुढे येऊन त्या ओळीवर बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं तर ते खरं. एकदा मी छातीठोकपणे सांगितलं की गव्याला तीन शिंगं आहेत. तुम्ही पुस्तक माझ्यापुढे धरलंत. मी पानभर बोट फिरवलं, पण तिसरं शिंग काही सापडेना. सगळा वर्ग खिदळत होता. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "तुला तीन शिंगांचा हवा असेल तर तू स्वतःची गोष्ट लिही. दुसऱ्याच्या पुस्तकात आपलं घुसडायचं नाही." मी आठवडाभर फुगून बसले होते, पण ते वाक्य माझ्या हाडात मुरलं ते मुरलंच.

तर आता गेल्या महिन्यातली गोष्ट. मुरबाडला औषधांचं दुकान असलेला एक वाचक कोशात नवीन आलाय. भला माणूस, पण चिवट. त्याचा फोन आला. "ताई, तुमी सगळ्यांना पान विचारता. मंग गव्याच्या शेवटाला पान का नाय?"

बाई, अख्ख्या कोशात संदर्भ नसलेली ती एकच नोंद, आणि ती लिहिलेली मी. तिसरा खंड पुन्हा कधी छापलाच नाही, कुणाकडे नाही, म्हणून आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आमच्या शाळेत हे पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलंय, शेवट मी माझ्या कानांनी ऐकलाय.

"ताई, ऐकलं असंल. पन मी चिठ्ठी बघितल्याबिगर औषध देत नाय. हे कसं देऊ?"

मला राग आला आणि मनातून कौतुकही वाटलं. माझीच विद्या मला शिकवत होता.

तो शेवट ज्या शनिवारी वाचलात त्याआधीच्या दिवसांत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. बाबांनी आमचा तांबडा बैल म्हशाच्या जत्रेत विकला होता. म्हातारा झाला होता, ओढीला येत नव्हता, खायला मात्र लागत होतं. घरात कुणाचं काही चुकलं नव्हतं. आई म्हणाली, "रडू नको गो, बैलाचं असंच असतं." मी म्हणाले, मी रडत नाय, आणि भाकरी बाजूला सारली. विकलेला म्हातारा बैल पुढे कुठे जातो हे आमच्याकडे पोरांना सांगावं लागत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं मला माहीत नाही. गाव केवढंसं, कळलं असेल.

आणि त्या शनिवारी तुम्ही शेवटचं प्रकरण वाचलंत. राजाचे शिपाई उतारावर येतात तेव्हा गवा तिथे नसतो. मुलगी त्याला शोधत शोधत एका मोठ्या जत्रेत पोचते. हजारो गुरं, सगळ्यांच्या गळ्यात घंटा, नुसता किणकिणाट. ती डोळे मिटून उभी राहते आणि जिथून आवाज येत नाही तिकडे चालत जाते. एका शेतकऱ्याच्या दावणीला, चिखलाने मळलेला, तो उभा असतो. शेतकऱ्याला पत्ताच नसतो की आपण काय विकत घेतलंय. तो त्याला चांगला चारा घालत असतो. दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं म्हशाला गेलो. जत्रा अजून उठली नव्हती. गुरांच्या बाजारात मी डोळे मिटून उभी राहिले, दोनदा शिव्या खाल्ल्या, एकदा शेणात पाय गेला. तांबडा काही सापडला नाही. पण घरी येऊन मी जेवले, आणि पोटभर जेवले.

औषधवाल्याला पान द्यायचं म्हणून मी परवा शेणव्याला गेले. तुमच्या वहिनी आता फार थकल्यात, तरी मला ओळखलं. "तिची पुस्तकं कुनी इकली नाय गो. वरती माळ्यावर हायेत. उंदरांनी खाल्ली ती खाल्ली." वर चढताना मी मनाशी ठरवून टाकलं होतं की तिसऱ्या खंडाची शेवटची पानं फाटलेली असणार, उंदरांनी नाहीतर वाळवीने नेलेली असणार, आणि म्हणून बिचाऱ्या बाईंना शेवट पदरचा सांगावा लागला असणार. पुस्तक धडधाकट निघालं. एकही पान सुटलेलं नाही. शेवटच्या प्रकरणात शिपाई येतात, गवा उतारावरच उभा असतो, ते त्याला तिथेच मारतात. त्याचं रक्त पाण्यात उतरतं आणि कोंडलेली नदी मोकळी होते. तो पडताना घंटा पहिल्यांदा वाजते. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. वहिनींनी खालून चहाला हाक मारली तेव्हाही बोट तिथेच होतं. मग लक्षात आलं, त्या कादंबरीच्या देशात कुठेच जत्रा भरत नाही. तिन्ही खंडांत नाही. जत्रा आपली होती.

कादंबरीचा शेवट वाईट नाही, बाई. खरं सांगायचं तर फार चांगला आहे, आणि तो त्या लेखकाचा आहे. मी दुकानात येऊन तुमचा शेवट नोंदीतून काढला आणि छापील शेवट घातला, खंड, प्रकरण, पान, आवृत्ती सगळं लावून. लोकांना वाईट वाटलं. जत्रेतल्या त्या गव्याची कुणीकुणी चित्रं काढली होती. काढताना मलाही तुमच्या घरातली वस्तू उचलून बाहेर ठेवल्यासारखं वाटलं. औषधवाल्याचा पुन्हा फोन आला. म्हणाला, "ताई, नोंदीमागं चर्चेचं पान असतंय, तिथं लिवा ना. एका शाळेत बाईंनी असा शेवट सांगितला, म्हनून. सांगनाऱ्या त्या, ऐकनाऱ्या तुमी. हा पन संदर्भच हाय की." आणि मग त्याने विचारलं, "पन ताई, त्या वाचत नाय, मनानं सांगतायत, हे तुमाला तवा कळलं व्हतं काय?"

मी म्हटलं, नाही. आणि चर्चेच्या पानावरही तसंच लिहिलं. आता त्या कोशात संदर्भ नसलेलं पुन्हा एकच वाक्य आहे, आणि तेही माझंच. ते दुरुस्त करण्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, पण ते कुठे टाकणार? दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये दाखल्यांच्या मागे कुठेतरी पडून राहील.

त्या शनिवारी बोट ठेवायची पाळी माझी होती. मी पहिल्या बाकावर, तुमच्या टेबलाला लागून. पुस्तक मला उलटं दिसत होतं, पण तुमचे डोळे सुलटे दिसत होते आणि ते ओळींवर नव्हते. तुम्ही माझ्याकडे बघत वाचत होतात, आणि मधूनमधून पान तेवढं उलटत होतात. वाचून झाल्यावर मागून एक पोरगा म्हणाला, "बाई, आज हिची पाळी हाय." तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, "आज राहू दे. आज नुसतं ऐकायचं होतं." पाळीसाठी मारामारी करणारी मी, त्या दिवशी दोन्ही हात मांडीखाली दाबून गप्प बसले. मी माझी पाळी मागितली असती तर तुम्हाला पान उघडून दाखवावं लागलं असतं, आणि बाई, मला माझा बैल जिवंत हवा होता.