बाबांना गाडीतून उतरवण्याचा प्लॅन

३ डिसेंबर १९७५
बाबांचं कार्ड आलं, माझ्या नावानं. चौदा तारखेला दिल्लीहून मद्रासला जाताना दुपारी नागपूरला गाडी थांबेल, स्टेशनवर भेटायला ये. कार्ड माझ्याच हातात पडलं, आईनं पाहिलेलं नाही. कंपासपेटीत लपवलं. त्या दिवशी बाबा गाडीतून उतरतील, घरी येतील आणि इथंच राहतील. आईला सांगायचं नाही. ती खोडा घालेल.

४ डिसेंबर
प्लॅन असा. गाडीनं कुणी आपलं माणूस जात असलं की नागपूरचे लोक स्टेशनवर डबा नेतात. मी आईच्या लग्नातला स्टीलचा डबा नेणार. त्यावर कोरलंय, सौ. प्रेमलता आनंदराव मेश्राम. कोर्टानं गेल्या वर्षी घटस्फोट दिला, पण तो कागदावर. स्टीलवरचं नाव जज्जाला पुसता येत नाही. आणि बाबा कुणाचा डबा घेऊन पळणारे नाहीत. परत द्यायला घरी यावंच लागेल. एकदा चहा झाला की त्यांची बॅग मी लपवीन.

७ डिसेंबर, रविवार
आईला खुबीनं विचारलं, पुढच्या रविवारी सांबारवडी करशील का, शाळेत पार्टी आहे. आई म्हणाली, रविवारी शाळा असते काय वं? म्हटलं, स्पेशल आहे. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, किती करू? आई शिक्षिका असून फार भोळी आहे.

९ डिसेंबर
उद्यापासून रोज पहाटे उठून गणित. बाबांसमोर नापास कसं चालेल?

१० डिसेंबर
थंडी होती. शिवाय गणित बाबाच शिकवतील. आधीच शिकून ठेवणं म्हणजे त्यांचा अपमान.

१२ डिसेंबर
शेजारचे देवरावमामा रेल्वेत पार्सल ऑफिसात आहेत. त्यांना म्हटलं, मला सायकलवर स्टेशनला न्या, पण आईला सांगू नका. ते म्हणाले, तुह्या मायनंच तं मले सांगून ठेवलं, पोरीले नेजा म्हणून. मामांचा काहीतरी गोंधळ झालाय. वय झालं त्यांचं.

१४ डिसेंबर, सकाळ
बाबांची जुनी उशी उन्हात घातली. आईनं विचारलं, काहून? म्हटलं, ढेकूण झालेत. आईनं कोथिंबीर भरून वड्या तळल्या, सोबत कढी, बिनलसणाची. बाबांना लसूण चालत नाही. योगायोग चांगला आहे.

१४ डिसेंबर, संध्याकाळ
बाबा गाडीतून उतरले. मला वाटलं, झालं काम. ते हात धुवायला उतरले होते.

बाकड्यावर बसून त्यांनी डबा उघडला. दोन वड्या शेजारच्या प्रवाशाला दिल्या, बाकीच्या सगळ्या स्वतः खाल्ल्या. म्हणाले, लय दिवसांनी खाऊन राहिलो अशी वडी. मी पाचवीत आहे का, असं विचारलं. मी सहावीत आहे, पण हो म्हटलं. मग त्यांनी नळावर डबा स्वच्छ विसळला आणि परत दिला. तिथल्या तिथं. हे मला सुचलंच नव्हतं. रिकामा डबा परत करू नये म्हणून त्यात दोन संत्री टाकली. फलाटावर विकत घेतलेली, नागपूरचीच.

मग मी सरळच म्हटलं, बाबा, घरी चला, उशी उन्हात घातली आहे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, तुह्या मायनं पत्र लिहिलं, पोरीले भेटून जा, म्हणून कळवलं बेटा. नाही तं मी दर दोन महिन्याले इथूनच जातो. उगाच तुले कायले तरास?

शिट्टी झाली. ते खिडकीतून हात हलवत होते. मीही हलवला.

१५ डिसेंबर
शाळेत गेले नाही. पोट दुखतं म्हणून सांगितलं, आईनं मानलं.

बाबांचा राग यायला हवा होता, पण आला आईचा. तिनंच पत्र लिहिलं, मला कळू दिलं नाही, आणि वर शाळेची पार्टी खरी मानल्याचं नाटक केलं. मी तिला हे सगळं बोलले आणि मग खूप रडले. आई माझी वेणी घालत राहिली. वेणी झाल्यावर म्हणाली, दोन महिन्यानं परत जातीन ते. लिहू काय वं?

मी म्हटलं, नको.

जेवताना म्हटलं, लिही. पण त्यांना सांग, तू लिहिलंस हे मला सांगायचं नाही.