‘मला बरं आहे’ म्हणालीस तेव्हा

प्रिय माय,

तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे मला. तरी लिहितोय. आज वर्गात असं काही झालं की घरी येऊन घास उतरला नाही, आणि सांगायला दुसरं कोणी नाही.

तिसरीतली एक पोरगी उभी राहिली. "गुरुजी, मले..." एवढंच बोलली. मी फळ्याकडून मान न वळवता म्हणालो, "मले नाही, मला!" वर्ग हसला. ती खाली बसली. मधल्या सुट्टीत तिला जवळ बोलावून विचारलं, "काय सांगत होतीस?" ती खाली बघत म्हणाली, "मला काही नाही झालं, गुरुजी."

अगदी शुद्ध! तूही असंच म्हणाली होतीस ना, माय?

नवा महाराष्ट्र झाला आणि तू वांगी-मिरच्या विकून मला पुण्याला मास्तरकी शिकायला धाडलंस. तिथे मी ‘का’ला ‘काऊन’ म्हणायचो, म्हणून पोरं मला नावानं हाक मारायचीच नाहीत. "ए काऊन, इकडे ये!" तो राग मी काढला कोणावर? तुझ्यावर! अमडापूरला घरी आलो की तुझं एकेक वाक्य तपासायचो. ‘जाऊन राह्यली’ नाही, ‘जातेय’ म्हण. आधी तू हसायचीस. "हाव बाप्पा, गुरुजी!" म्हणायचीस. मग माझ्यासमोर बोलणंच कमी केलंस. मला वाटलं, माय सुधारली!

तुझ्या तेराव्याला शेजारच्या काशीकाकूनं तोंड उघडलं. "महिनाभर तिच्या छातीत कळ निंघून राह्यली होती. म्या म्हटलं, दिन्याले सांग. तं म्हने, ‘त्याले सुद्द बोलनं लागते, बाई. मले नाई जमत.’"

काऊन वं, माय? एकदा तरी ओरडायचं होतंस माझ्यावर! चिखलीला डॉक्टर होता. मी सायकलवर बसवून नेलं असतं तुला.

त्या शेवटच्या रविवारी मी विचारलं, "कशी आहेस?" कढी ढवळता ढवळता तू म्हणालीस, "मला बरं आहे." उभ्या जन्मात कधी ‘मला’ म्हणाली नव्हतीस. तेव्हाच कळायला हवं होतं. मी काय म्हणालो, आठवतं? "शाब्बास!" माझी माय मरत होती आणि मी तिला शाब्बास म्हणत होतो.

कान फार तिखट आहेत आपले, असा गर्व होता मला. एक काना इकडचा तिकडे झाला तरी ऐकू येतो. समोरच्याला काय दुखतंय, ते मात्र येत नाही.

उद्या शाळेआधी त्या पोरीच्या घरी जातो. तिच्यासमोर उकिडवा बसून विचारीन, "तुले काय झालं वं, पोरी?" ती बोलेल तसं, तिचं पुरतं होईपर्यंत ऐकीन. मध्ये तोंड उघडलं तर तुझी आण.

तुहा,
दिन्या