अव्वाची डिव्हिजन

प्रिय अण्णा,

पत्र लिहायचं रोज ठरवतो आणि रोज कुठंतरी निघून जातो. परवा नांदेडला गेलो, येताना स्टँडवर अर्धापूरची केळी खात बसलो तर गाडीच चुकली. पण नांदेडच्या जुन्या बाजारात एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं, रुमानियाच्या रणगाड्यांच्या आणि पायदळाच्या डिव्हिजनांचं. तू रणगाड्यांच्या डिव्हिजनमध्ये, म्हणून घेतलं. अर्धं वाचतो, अर्धं फोटोंवरून ताडतो. त्यांची एक डिव्हिजन रशियाच्या बर्फात पार संपली आणि पुढं त्याच नंबरानं परत उभी राहिली. ते वाचलं अन् तुझी लई आठवण आली.

अव्वाचं वेगळंच. लातूर जिल्हा झाल्यापासून म्हणते, "कलेक्टर आला, ट्रेझरी आली. आता माझ्या लेकाची, विरूपाक्षाची डिव्हिजन बी लातूरलाच येईल की रे!"

"अव्वा, ती कचेरी न्हाई, फौज हाय."

"मग फौजेला जिल्हा नसतो व्हय?"

विहिरी आटल्यात, तरी ती रोज तुझा तांब्या वेगळा भरून ठेवते. तुला सुट्टी नसेल तर तूच तिला कळव. माझा धीर होत नाही.

आत्ता पोरं ओरडत गेली, "टँक आली, टँक आली!" पाण्याच्या टँकरला ती टँकच म्हणतात. अव्वा घागर सोडून तुझा तांब्या घेऊन पळाली. मी दारातून बघत राहिलो. ड्रायव्हरशेजारून हिरव्या वर्दीतला एकजण उतरला, खांद्यावर काळी ट्रंक. चाल तुझीच.

अण्णा, आता हे पत्र कुणाला टाकू?

तुझाच,
गुरुबसप्पा