बारीक शिट्टी

४ मार्च

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू दुरुस्त करून धाडलेला माझा जुना कॉम्प्युटर सुखरूप पोचला. खोक्यात तू इतक्या चादरी कोंबल्या होत्यास, की आमच्या नाटकमंडळींना वाटलं मावशीनं काचेची भांडीच धाडली. खरखर पार गेलीय. माझ्या लहानपणी टीव्हीला जोडून वाजवायचे, तेव्हासारखा टणटणीत आवाज येतो.

एकच कुरकुर आहे. सुरांच्या मागे बारीक शिट्टी वाजते, डास कानाशी आल्यासारखी. सूर थांबले तरी ती थांबत नाही. आमच्या बालनाटकात हा कॉम्प्युटर रंगमंचावर बसून स्वतःच वाजतो आणि पहिला प्रयोग महिनाअखेरीला आहे. काय करू ते कळव. काकांना नमस्कार.

तुझी टिटवी

१० मार्च

चि. टिटवी हिस,
अ. उ. आ.

शिट्टी म्हणे! अगं, आवाजाचं बटण उघडून धुतलं, आवाजाच्या चिपचे पाय घासले, वाळलेले कपॅसिटर काढून नवे घातले. मग दिवसभर टेबलावर वाजत ठेवला. शिट्टी असती तर मला कळली नसती? रेडिओपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं मी कानानं दुरुस्त करत आले. आवाजाची रेष पडद्यावर दाखवणारा स्कोप आहे, पण त्यावर कापड टाकलंय.

तुमच्या नाट्यगृहातले दिवे बघ, आवाजात घाण सोडणारे तेच असतील. आणि तुला तर लहानपणी पंख्यातसुद्धा भूत ऐकू यायचं!

काका मजेत आहेत. हल्ली दार उघडायला, फोन घ्यायला माझ्याआधी धावतात. म्हातारपणी पाय फुटलेत.

तुझ्यावर जीव असलेली,
मावशी

१६ मार्च

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

दिवे बंद करून पाहिलं. कॉम्प्युटर घरी आणला, शेवटी हेडफोन लावला. शिट्टी आहेच. नाटकातल्या पोरांनी ती ऐकताच तोंडं वाकडी केली. नेपथ्य करणारे गृहस्थ तुझ्या वयाचे, त्यांना मात्र काहीच ऐकू आलं नाही.

मावशी, इथे येऊन दोनदा पेन खाली ठेवलं. बिघाड कॉम्प्युटरमध्ये आहे, पण तो तुला ऐकू आला नाही याचं कारण कॉम्प्युटरमध्ये नसावं. एकदा कान तपासून घेशील? खोकं परत पाठवतेय. हवं तेवढं रागाव, पण अबोला धरू नकोस.

तुझी टिटवी

२३ मार्च

चि. टिटवी हिस,
अ. उ. आ.

तुझ्यावर नाही, ह्यांच्यावर रागावले. तुझं पत्र वाचून दाखवलं तर हे म्हणाले, दारावरची बेल तुला केव्हापासून ऐकू येत नाही, म्हणून तर मी धावतो. आधी का नाही सांगितलंत, असं विचारलं तर म्हणाले, तुझे कान म्हणजे तुझं दुकान, कुठल्या तोंडानं सांगू?

मी जेवले नाही. दुकान उघडलं नाही. किती जणांना शिट्टीसकट मशीन परत दिलं असेल आणि ते भिडेपोटी बोलले नसतील, हेच डोक्यात घोळत होतं.

मग तुझं खोकं आलं. ते तसंच कसं ठेवणार? स्कोपवरचं कापड ओढलं. सूर बंद केले तर पडद्यावर सरळ रेष हवी, तिथे करवतीचे बारीक दाते. शिट्टी होती गं. डोळ्यांना दिसत होती आणि कानात अगदी सामसूम.

मग एकेक जोड तपासत मागे गेले. मीच घातलेल्या एका कपॅसिटरचा डाख कच्चा होता, वरून चकचकीत आणि आत पाय सुटा. पुन्हा डाख दिला, रेष सरळ झाली. पण रेषेवर माझा अजून भरवसा नाही. तू ऐकून सांग.

वाट पाहणारी,
मावशी

३० मार्च

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

शिट्टी गेली! काल पहिला प्रयोग झाला. शेवटच्या प्रवेशात कॉम्प्युटर एकदम गप्प होतो. त्या वेळी अख्खं नाट्यगृह असं शांत झालं, की पुढच्या रांगेतल्या एका पोरानं गिळलेला आवंढा मला पडद्यामागे ऐकू आला. ती शांतता तुझ्या हातची.

कानांचं काय केलंस? विषय बदलू नकोस.

तुझी टिटवी

१२ एप्रिल

चि. टिटवी हिस,
अ. उ. आ.

केलं, बाई, केलं. कानाचं यंत्र घेतलं. आधी नकोसं झालं, वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी छप्पर कोसळल्यासारखं वाटे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी बारीक आवाज याच्यानंही परत येणार नाहीत. वाईट वाटलं. अजून वाटतं.

जुन्या गिऱ्हाइकांना निरोप धाडले, शिट्टी वाजत असेल तर मशीन घेऊन या. तिघं आली. एकजण म्हणाला, मला वाटलं, जुनं मशीन असंच वाजणार. तिन्ही स्कोपवर बघून दुरुस्त केली आणि शिट्टी गेली का, ते त्यांनाच ऐकायला लावलं.

आणि एक सांगते, तुझ्यापाशीच ठेव. सकाळी चहा करताना ह्यांचे ओठ हलतात, मला वाटे, हिशेब करत असतील. परवा यंत्र लावून स्वयंपाकघरात गेले तर हे गात होते. ठार बेसूर! इतकी वर्षं गात असावेत. दारात उभी राहून सगळं ऐकलं. मग कप घेतला आणि म्हटलं, छान झालंय. चहा की गाणं, ते त्यांनी विचारलं नाही.

इकडे येशील तेव्हा दोन्ही चाखायला मिळतील.

तुझी,
मावशी