सुब्बलक्ष्मीचा खटला सोडून दे

प्रिय हरी,

तू चेन्नईला सुखरूप पोचलास हे तुझ्या संस्थेतल्या पोरीनं फोनवर कळवलं. तुला वेळ नव्हता म्हणे. फोनवर तू बोलू देत नाहीस, मध्येच "अक्का, ऐक ना" म्हणून आपलंच चालवतोस. आता तू ऐक. पाचवी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागलं नाही तर दोनदा वाच.

परवा इथं दारासुरमला सुब्बलक्ष्मीच्या घरी तू तुझ्या संस्थेला पुरस्कार देणारे दिल्लीचे पाहुणे घेऊन आलास. त्यांनी मागाचे फोटो काढले, तिच्या विघ्नेशच्या वाकड्या हाताचेही काढले. काढू का म्हणून कुणी त्याला विचारलं? मुदलाळीनं, म्हणजे ज्याच्यासाठी तो साड्या विणायचा त्या मालकानं, रेशीम चोरल्याचा आळ घेतला. पोलिसांनी पोराला उचललं आणि हात मोडून परत पाठवलं. विणकराचा हात, हरी! आता आई विणते आणि तो बघत बसतो. मुदलाळी आणि पोलिसांवरचा तो खटला तू घेतलास तेव्हा सगळ्या गल्लीनं तुला डोक्यावर घेतलं. मीच तिला सांगितलं होतं, माझा भाऊ आहे, भिऊ नको, साक्ष दे.

आणि तिच्याच घरात, तिनं दिलेली कॉफी पीत, तू मला मराठीत काय म्हणालास? ही बाई उलटतपासणीत टिकायची नाही, रडेल, मुदलाळीशी तडजोड करून मोकळे होऊ, पुरस्काराच्या तोंडावर हरलो तर संस्थेचं नाव जाईल. वर हसलास. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आपल्या मराठी घराची जुनी खोड ही. रस्त्यावर सगळं तमिळ, लपवायचं असलं की मराठी, जसं काय समोर माणसं नाहीत, भिंती आहेत. अरे, ती सौराष्ट्री ना! रेशीम विणणाऱ्या त्या लोकांची घरची बोली आपल्याला निम्मी कळते, त्यांना आपली निम्मी. आणि ही तर इतकी वर्षं माझ्याकडे येते-जाते, तिला सगळंच कळतं. लहानपणी त्यांच्या पोरांत गोट्या खेळून संध्याकाळी तू त्यांच्यासारखा बोलत घरी यायचास. चेन्नईला गेलास आणि तेही विसरलास?

तिनं तेव्हा पाहुण्यांना आणखी कॉफी हवी का विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आली, आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाली, अक्का, मी रडेन हे खरंच. पण रडत रडत खरं सांगायचं नाही असा कुठं कायदा आहे का? वकील तू, उत्तर तू दे.

तुझी लाज वाटते असं लिहिणार होते. पण लाज नाही, संताप होतो. कारण तू असा नव्हतास. तुझा तो पेल्यांचा खटला आठव; त्या गावात चहाच्या दुकानात खालच्या जातीचे म्हणून काहींचे पेले वेगळे ठेवायचे. तुझा काळा कोट तेव्हा नवा होता. तू त्यांच्या बाकावर जाऊन बसलास, त्यांच्याच पेल्यातून चहा प्यायलास, मार खाल्लास आणि कपाळाला टाके घालून कोर्टात उभा राहिलास. मी मागे बसले होते. त्याच बाकावरचा म्हातारा मणी साक्षीला आला आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. समोरचा वकील हसत होता. तू मणीला पाणी दिलंस आणि नुसता थांबलास. न्यायाधीशांनाही थांबवलंस. मग म्हातारा बोलला, असा बोलला की समोरच्याचं हसू गेलं. तेव्हा तुला नाव जायची भीती नव्हती, नावच नव्हतं. आता काचेचं ऑफिस, भिंतीवर तुझाच फोटो, आणि भाषणात म्हणतोस, आम्ही मुक्यांचा आवाज आहोत. मुकी कोण आहे रे इथं? ती बोलतेच आहे. तुला कान नाहीत.

तडजोड होणार नाही. सुब्बलक्ष्मी इथल्याच नित्या वकिलीणबाईंकडे जाऊन आली. बाई नवीन आहेत, बसायला टेबलसुद्धा दुसऱ्याचं. पण त्या तिला म्हणाल्या, रडा खुशाल, मी थांबेन. आता आधीच्या वकिलानं हरकत नाही असं वकीलपत्रावर लिहून दिल्याशिवाय त्यांना उभं राहता येत नाही, आणि सोमवारी तारीख आहे. तुझ्या ऑफिसात फोन करून करून बोटं दुखली, साहेब आपले मीटिंगमध्ये. म्हणून हे पाकीट टपालात टाकलं नाही, सुब्बलक्ष्मीच्याच हाती दिलं. तू वाचतोयस तोवर ती तुझ्या टेबलासमोर उभी असेल, कागद तिच्या पिशवीत आहे. रात्रभर गाडीत बसून आली आहे. आधी तिला खुर्ची दे. मग सही कर.

अजून तरी तुझीच,
पंकजाअक्का